अकरा पुटांची छाटी

अव्ययानंद महाराजांनी मंगळवारी सकाळी आपली भगवी छाटी माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाले, "चेतराम, ही घे बाबा. रंग फार चांगला बसलाय." मी उरलेलं वाक्य ऐकायला थांबलो. माणूस कौतुक करतो तेव्हा पुढे काहीतरी काम सांगतो, आणखी दोन रंगवून दे म्हणतो, कुणा शिष्याची म्हणून तिसरी देतो. पण महाराजांचं वाक्य संपलं होतं. ते आमच्या दाराच्या दगडी पायरीवर, माघाच्या उन्हाचा पट्टा बघून, नेहमीसारखे पाय दुमडून बसले. एकतीस वर्षांत मी रंगवलेलं कापड परत आलं नव्हतं. वडिलांच्या काळातलं मला माहीत नाही, पण माझ्या हातचं नाही. हरिद्वारजवळच्या कनखलच्या या गल्लीत मान वर करून चालायचं माझं जे कारण होतं ते हेच, आणि ते आता चौघडी करून माझ्या तळहातावर ठेवलेलं होतं. मी सवयीनं घडी मोडली, कापड उजेडासमोर धरलं, कडेपासून कडेपर्यंत नजर फिरवली. कुठे ढग नव्हता, रेघ नव्हती, टोकाला जास्त आणि मध्ये कमी असं काही नव्हतं. दिवाळीनंतर रंगवलेली, महाराजांनी स्वतः पंधरा-वीस वेळा धुतलेली, आणि तरी रंग असा की सूत जन्मलंच त्या रंगाचं असावं.

"डाग राहिलाय का कुठे?" मी विचारलं.

"डाग असता तर आणली कशाला असती?" महाराज म्हणाले. "काल घाटावर बसलो होतो. एक ओलं कुत्रं आलं आणि छाटीच्या टोकावर बसलं. थंडी वाजत होती बिचाऱ्याला. मी त्याला हाड म्हटलं. बरं, नुसतं हाड म्हणून थांबलो नाही. टोक उचललं, झटकलं, आणि उजेडात धरून बघितलं डाग पडला का. आत्ता तू धरलंस ना, अगदी तसं."

त्यांनी दोन्ही हात वर करून नसलेलं कापड धरून दाखवलं. एक डोळा बारीक केला. मला माझाच चेहरा दिसला आणि तो मला आवडला नाही.

"चव्वेचाळीस वर्षं झाली घर सोडून," ते म्हणाले. "बायको सुटली, बरेलीच्या शाळेतली मास्तरकी सुटली, गणित सुटलं. गणित सुटायला तर बारा वर्षं गेली, रात्री झोपेत उदाहरणं सोडवायचो. आणि म्हातारपणी तुझ्या रंगात अडकलो. मला जरा वाईट रंगवून दे. पंचमीच्या आत दे म्हणजे झालं. त्या दिवशी तुला छाटी द्यायला मी उभा राहणार, तेव्हा माझ्या अंगावर ही नको."

वसंत पंचमीला आठ दिवस होते. त्या दिवशी मी संन्यास घेणार होतो. हे ठरून वर्ष झालं होतं आणि गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. गजक, म्हणजे तिळगुळाच्या वड्या, विकणारा मुरारी आतापासूनच मला अर्धा महाराज म्हणत होता आणि तोलताना हात आखडता घेत नव्हता. मुलगी कुसुम रुडकीला सुखात होती. दुकान सरबती, म्हणजे माझी बायको, बघणार होती. डोकं भादरायचं, स्वतःच्या नावानं स्वतःचं श्राद्ध घालायचं, होम करायचा, गंगेत उतरायचं, अंगावरचं सगळं पाण्यात सोडून द्यायचं, आणि आईच्या पोटातून आलो तसं बाहेर येऊन उत्तरेकडे चालू लागायचं. पाच-सात पावलं गेली की गुरू मागून हाक मारतात, थांबा, लोकांसाठी तरी एवढं अंगावर घ्या. मग छाटी देतात. मी हे शंभरदा पाहिलं होतं, कारण ती छाटी शंभरपैकी नव्वद वेळा माझी असायची.

महाराज गेले आणि मी तिथेच उभा राहिलो. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. हरिद्वारात कापड नाकारणारे कमी नाहीत. मोठ्या आश्रमांचे महंत आहेत, त्यांना माझा गेरू मळकट वाटतो. त्यांना संत्र्यासारखा रंग लागतो, इस्त्रीची घडी लागते, थंडीत तर भगवी लोकरी टोपीसुद्धा त्याच छटेची लागते. परदेशातून आलेले काही जण आहेत, ते कापडाचा वास घेतात आणि डोळे मिटतात. नागा साधूंनी आमच्या धंद्याला कधी हातच लावला नाही. मी माणूस नंतर बघतो, आधी कापड बघतो. खांद्यावरून रंग उडालाय की मांडीवरून, यावरून मी सांगू शकतो की हा चालणारा साधू आहे की बसणारा. मानेजवळ तेलाची कड दिसली तर समजायचं, कुणीतरी शिष्या रोज डोकं चोळून देते. माझा अंदाज चुकत नाही. या गावात कोण खरा आणि कोण खोटा हे पोलिसांच्या आधी मला कळतं, आणि हे मी कुणाला न सांगता मनातल्या मनात चाखत असतो. अव्ययानंद महाराज माझ्या हिशेबात पहिल्या नंबरावर होते. खोलीत दोन छाट्या, एक कमंडलू, एक चटई. त्या माणसानं मला सांगावं की माझं काम इतकं चांगलं आहे की त्यानं त्याचं वाईट होतंय, हे मला कुठे ठेवावं कळेना.

पण काम म्हणजे काम. वाईट रंगवायचं, त्यात काय मोठंसं, असं म्हणून मी त्याच दुपारी बसलो. आमचा गेरू डोंगरातून ढेकळांचा येतो. तो कुटायचा, दोन रात्री भिजवायचा, मग फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी आणि तुरटी घालायची, आणि मातीच्या मोठ्या नांदेत कापड सोडलं की हात थांबवायचा नाही. गेरू ही माती आहे. ढवळायचं थांबलात की ती खाली बसते, आणि कापडावर ढग उठतात. सगळं कौशल्य म्हणाल तर तिथं न थांबण्यात आहे. मी लहान असताना बाबूजी, म्हणजे वडील, माझा हात धरून नांदेत फिरवायचे, थंडीत पाणी असं असायचं की कोपरापर्यंत हात माझा राहायचा नाही, आणि ओल्या मातीचा वास, सारवलेल्या भिंतीचा असतो तसा, जेवतानाही नाकात असायचा. बाबूजींची नखं आयुष्यभर लाल होती. ते गेले तेव्हा मी त्यांना आंघोळ घातली, ब्रशनं नखं घासली, तरी लालच. चितेवर त्यांचे हात छातीवर होते आणि मी शेवटपर्यंत नखांकडे बघत होतो. बाबूजींनी मला एकच नियम घालून दिला होता, आपली छाटी आपण रंगवायची नाही. का, ते सांगितलं नाही. त्यांना कारणं सांगायची सवय नव्हती. आणि संन्यासही त्यांनी घेतला नाही, त्यामुळे नियमाला त्यांच्या हयातीत काम पडलं नाही.

मी गेरू न गाळताच एक कापड बुडवलं. खडे, कचरा, सगळ्यासकट. वाळल्यावर बघतो तर पूर ओसरल्यावर वाळूवर जशा लाटा राहतात तशा कापडभर लाटा, फिकट-गडद, फिकट-गडद. ते कापड इतकं देखणं निघालं की मुरारी म्हणाला, "हे मला दे, मी भिंतीवर लावतो." दुसरं मी मुद्दाम घडीवर वाळवलं. त्यावर चौकटी उमटल्या, आणि त्या चौकटीही अशा सारख्या की कुणी पट्टी ठेवून आखल्या असाव्यात. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून बसलो, हात मन मानेल तसा फिरवायचा ठरवला, पण हात आपला गोल गोल, एका लयीत, पन्नास वर्षांपूर्वी बाबूजींनी फिरवला तसाच फिरत राहिला. मी थांबवायचो आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. गुरुवारपर्यंत दोरीवर सहा कापडं झाली होती. सरबती तांदूळ निवडता निवडता अंगणात आली आणि दोरीखालून वाकून गेली. परत येताना थांबली.

"ही तर मुद्दाम केल्यासारखी दिसतात," ती म्हणाली.

"मुद्दामच केलीत."

"तेच म्हणते मी. रिकाम्या डोक्यानं केल्यासारखी दिसतात. महाराज काय आंधळे आहेत?"

तिनं एक टोक उचलून नाकाजवळ नेलं आणि सोडून दिलं. सरबती फार बोलत नाही, पण बोलली की ते मला दिवसभर पुरतं. पंचमी ठरवायच्या आधीच्या दिवाळीत मी तिची परवानगी मागितली होती. बायको हो म्हटल्याशिवाय महाराज दीक्षा देत नाहीत. ती गच्चीवर मेथी निवडत होती. मी आठवडाभर तयार केलेलं सगळं बोललो, देह म्हणजे कपडा आहे इथपर्यंत बोललो, ते मला शोभूनही दिसतं कारण मी कपड्याचाच माणूस. तिनं ऐकून घेतलं, देठं एका बाजूला केली आणि "बरं" म्हणाली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "गेरू गाळताना फडकं कोण धरणार?" गाळायला दोन माणसं लागतात. एकानं नांदेच्या तोंडावर फडकं ताणून धरायचं, दुसऱ्यानं ओतायचं. फडकं बांधून चालत नाही, कारण माती साचली की ते हलवावं लागतं, सैल करावं लागतं, पुन्हा ताणावं लागतं. लग्न झाल्यापासून ते तिचं काम. मी तेव्हा मनात म्हटलं, घ्या, आम्ही मोक्षाचं बोलतोय आणि हिचं लक्ष फडक्यात. याला संसार म्हणतात. मी तिला समजावलं की मी रंगवणारच नाही तर गाळायचा प्रश्न येतो कुठे. ती मेथीची जुडी संपवून खाली गेली. त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं, आणि ते हलकेपण वैराग्याचं आहे असा माझा समज होता.

"मग तुझं काय म्हणणं आहे?" मी आता दोरीखालून विचारलं.

"माझं काही म्हणणं नाही. तुमच्या पेटीतली द्या ना त्यांना. ती काय कमी छळते?"

पेटीतल्या छाटीचं ती असं कधी बोलली नव्हती. मला वाटत होतं तिला फारसं माहीत नाही. पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे, तिच्यात कडुलिंबाच्या पाल्यात मी माझी छाटी ठेवलेली आहे. अकरा वर्षांपूर्वी कापड आणलं, सोनीपतकडच्या एका विणकराकडून, जाडंभरडं पण हाताला मऊ. साधंच हवं होतं मला, फक्त ते साधेपण नीट हवं होतं. बाबूजींचा नियम मोडून दर माघात मी तिच्यावर रंगाचं एक पुट चढवायचो. पहिल्या वर्षी रंग पिवळट आला. तिसऱ्या वर्षी गुलाबीकडे झुकला. पाचव्या वर्षी उन्हात बरोबर होता पण दिव्याच्या उजेडात विटकरी दिसायचा, आणि आरती संध्याकाळी असते. कुसुमचं लग्न झालं त्या वर्षी मी जाऊ शकलो असतो. पण तेव्हा रंग अजून कच्चा होता, मनासारखा नव्हता, आणि मी महाराजांना सांगितलं की घरात थोडं काम राहिलंय. मागच्या माघात अकरावं पुट दिलं आणि वाळल्यावर बघितलं तर पुढे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याच दिवशी जाऊन पंचमी ठरवून आलो.

"ती माझ्यासाठी आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. दोनदा आरशासमोर बघितलंय मी तुम्हाला. एकदा तर मान अशी केली होती." तिनं मान किंचित वाकडी करून दाखवली. त्या आठवड्यात सगळेच मला माझी नक्कल करून दाखवत होते. "माझ्या लग्नाच्या साडीला कसर लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, जाऊ दे, जुनी झाली. आणि त्या पेटीला दर महिन्याला ऊन कोण दाखवतं? मी दाखवते. तुम्ही ज्या दिवशी सगळं सोडून जाणार, त्या दिवसाचा कपडा मी कसर लागू नये म्हणून जपते. मी काही बोलले? नाही बोलले. पण मला राग येत नाही असं समजू नका."

मी तिच्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, सवयीप्रमाणे आधी कापड बघितलं. तिनं डोक्याला एक भगवट फडकं बांधलं होतं, त्याच्यावर एका बाजूला मोठा गडद ढग होता आणि दुसरी बाजू जवळजवळ कोरी. ते माझं कापड होतं. परकराची कड साडीखालून दिसत होती, तीही तशीच, ढगाळ. कंबरेला हात पुसायला खोचलेला तुकडा, तोही. बिघडलेलं कापड मी गिऱ्हाइकाला देत नाही, कोपऱ्यात भिरकावतो आणि विसरतो. ते पुढे कुठे जातं याचा विचार मी एकतीस वर्षांत केला नव्हता. गावातल्या प्रत्येक साधूचं कापड कुठून उडालंय हे सांगणारा मी. माझ्या घरात एक बाई लग्नापासून भगवं नेसून वावरत होती आणि ते मला त्या गुरुवारी, तांदळाचं ताट तिच्या हातात असताना, दिसलं.

"तुझ्याकडे अशी किती आहेत?" मी तिच्या डोक्याकडे बोट केलं.

"कशी?"

"बिघडलेली."

ती ताट ठेवून आत गेली आणि रजयांच्या खालून एक गाठोडं काढून आणलं. काही तुकडे कापलेले होते, काही अख्खे. तिनं ते उन्हात पसरले आणि त्यांच्यात बसली. मी कामाचा माणूस म्हणून आधी दोष बघू लागलो: हे ढवळायचं राहिलं, हेही ढवळायचं राहिलं, हे नांदेत रात्रभर पडलं. माझा हात थांबत नाही असं मी चारचौघांत सांगतो. इथे वीस-बावीस वेळा तो थांबलेला माझ्यासमोर पडला होता.

"ही बाबूजी गेले त्या दिवसाची," सरबती म्हणाली. "ही आपण माझ्या आईकडे निघालो आणि लक्सरला गाडी चुकली तेव्हाची. दोन दिवस तिथेच अडकलो होतो, कढी-भात खाऊन तुमचं पोट बिघडलं. ही कुसुम झाली त्या सकाळची, बघा, अर्धीच रंगलीय, तुम्ही तशीच टाकून पळालात. आणि ही तिला गोवर आला होता तेव्हाची. चार दिवस तुम्ही दुकानाकडे फिरकला नाहीत. तिच्या उशाशी बसून होता."

"आणि ही?" मी एक दाखवली. ती सगळ्यात वाईट होती. रंग गाठीगाठींनी बसला होता, जणू कुणी रागानं बोळा करून नांदेत फेकली असावी.

"ही आपण बोलत नव्हतो तेव्हाची," ती म्हणाली आणि ती घडी करून मांडीखाली ठेवली. "ही मी देणार नाही."

मी गोवराची छाटी उचलली. तिच्यावरचे ढग मला ओळखू येत होते असं म्हणणं खोटं होईल, पण कुसुमचं तापलेलं कपाळ ओळखू आलं, तिचे चिकटलेले केस, आणि ती पाणी मागायची ती हाक, ती कानात स्पष्ट आली. त्या चार दिवसांत मला रंगाची आठवण झाली नव्हती. देवाचीही झाली नव्हती, खरं सांगायचं तर. मी होतो की नव्हतो हेही मला आठवत नाही, नुसती ती होती. मग मला दुसरं एक आठवलं, जे मी कधी आठवू देत नाही. दोन वर्षांपूर्वी एका सावकाश बोलणाऱ्या पोस्टमास्तरानं दीक्षा घेतली. माघाचंच पाणी. तो बाहेर आला तो थंडीनं निळा पडलेला, दात वाजत होते, आणि अंगावर काही नसलेला तो म्हातारा उत्तरेकडे असा चालला की वाटलं हा आता थांबणार नाही, बर्फापर्यंत जाईल. महाराजांनी हाक मारली. लोक रडत होते. पलीकडच्या पायऱ्यांवर त्याची बायको उभी होती, ती रडत नव्हती. महाराजांनी त्याच्या खांद्यावर छाटी टाकली आणि मी पुढे झालो. मला बघायचं होतं, ओल्या अंगावर रंग कसा दिसतो. छान दिसत होता. मी घरी येऊन जेवताना सरबतीला तेच सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी गोवराची छाटी घेऊन महाराजांच्या खोलीवर गेलो. ते दारात ऊन खात बसले होते, कमरेला लंगोटी, खांद्यावर आश्रमातलं घोंगडं, दुसरी छाटी धुऊन दोरीवर. छाटी त्यांनी उलगडली, पण उजेडात धरली नाही. पांघरली, टोक मागे टाकलं, आणि ते टोक जमिनीवर धुळीत लोळत राहिलं.

"ही कधी रंगवलीस?" त्यांनी विचारलं.

"मुलीला गोवर आला होता, महाराज. जुनी आहे."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "डोकं भादरायला न्हावी कधी बोलावलायस? आदल्या दिवशी सकाळीच बोलाव, दुपारी त्यांना सवड नसते."

"महाराज, मी पंचमीला येत नाही."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बायकोनं ना म्हटलं?"

"नाही. ती हो म्हणूनच बसलीय."

"मग?"

"माझी छाटी अजून फार चांगली आहे," मी म्हणालो.

"छाटी मी देणार होतो," महाराज म्हणाले. "तुला हवी ती थोडीच दिली असती? हे असलं काहीतरी दिलं असतं." त्यांनी अंगावरची धुळीतली कड दाखवली.

"तुम्ही दिली असती. पण मनातून मी तीच नेसलो असतो. लोकांना ही दिसली असती, आणि मी आत आरसा घेऊन बसलो असतो."

तेव्हा ते हसले, पुढचे दोन दात नसलेलं हसू, आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तुझा बाप हुशार होता." बाबूजींनी नियम का घातला होता हे त्यांना माहीत होतं की काय, मी विचारलं नाही. त्यांनी मला चहाला थांब म्हटलं आणि मी थांबलो. आल्याचा, गुळाचा, फार गोड चहा. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम वाटायला काही हरकत नाही असंही वाटत होतं. गल्लीत आता काय काय बोलतील ते मला माहीत होतं. मुरारी उद्यापासून गजक तोलताना हात आखडेल. अर्धा महाराज गेला, पुरा रंगारी राहिला, असं चहाच्या दुकानात महिनाभर चालेल. चालू दे, मी म्हटलं. माझ्याही जिभेला धार आहे.

घरी आलो तेव्हा सरबती अंगणात नव्हती, आत पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता. मी पेटी ओढून बाहेर काढली आणि छाटी उन्हात आणली. कडुलिंबाचा पाला झटकला. तिला नजर लागावी असा रंग होता, आजही म्हणेन, असा रंग या गावात दुसऱ्या कुणाला साधलेला नाही आणि साधणार नाही. मी ती उजेडात धरली. धरायची नाही असं ठरवलं होतं, पण धरली. मग दातांनी कड तोडली आणि दोन्ही हातांनी ओढली. जुनं पण दणकट सूत, ते मोठ्यानं फाटलं, गल्लीत ऐकू जाईल असं. अर्ध्यापर्यंत गेलं आणि अडलं. अकरा पुटांनी आणि डिंकानं ते घट्ट झालं होतं. मी पुन्हा जोर लावला आणि तुकडा सुटा झाला.

पोळ्यांचा आवाज थांबला. सरबती दारात आली, हाताला पीठ, डोक्याला ते ढगाळ फडकं. माझ्या हातातलं कापड तिनं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा खालचा ओठ हलला. सांगण्यासारखं म्हणजे महाराजांना सांगितलं तेच, आणि ते तिला आधीच माहीत होतं.

"गाळायचं जुनं फडकं विरलंय," मी म्हणालो. "खडे खाली जातात."

"मग? दोन महिने झाले मी सांगतेय."

तिनं हात परकराला पुसले आणि पुढे आली. मी दिलेला तुकडा तिनं नांदेच्या तोंडावर टाकला, चारी बाजू मुठीत घेतल्या आणि ताणून धरल्या, मध्ये किंचित झोळ ठेवून, जसा ठेवावा लागतो तसा. मी भिजवलेल्या गेरूचा डबा उचलला. दोन रात्रींचा गेरू, जड होता. कापड बघता बघता भिजलं, आधीचा रंग कुठला आणि आत्ताचा कुठला ते कळेनासं झालं, आणि खाली नांदेत धार पडू लागली. तिचे डोळे खाली होते. एक थेंब फडक्यावर वरून पडला, गेरूचा नव्हता, आणि मातीत मुरून गेला.

"हळू ओता जरा," ती म्हणाली. "माझ्या हाताला ओढ बसते."

मी हळू ओतू लागलो.